हात उचलणार न्हाई

आमच्या गावात आता कुणी कुणाला मारत न्हाई. वेशीवर तसा बोर्ड लागायचा व्हता, रंगवूनबी झाला व्हता. पेंटरानं 'तंटामुक्त' मधला ट वाकडा काढला म्हणून पोपटआप्पा त्याच्याशीच कडाकडा भांडले. भांडणं मिटवायच्या समितीचे ते अध्यक्ष. समितीत बाया पायजेत असा नियम, म्हणून मला घेतलेली. रंभाबाई, नवरा न्हाई, तोंडानं फटकळ, पण घर शाळंच्या समोर, चहापाण्याला सोयीचं. एवढीच माजी किंमत. मीटिंगला बोलवायचे, सही झाली की म्हणायचे, "आक्का, जरा चहाचं बघा."

केडगाव आन् वरवंडच्या मधी आमचं गाव. निम्मी घरं आम्हा धनगरांची. आमचे सासरे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता मेंढरू बघायला न्हाई, सगळा ऊस. त्या साली सरकारनं काढलं, जे गाव आपली भांडणं आपण मिटवंल, पोलिसात केस ऱ्हाऊ देणार न्हाई, त्याला बक्षीस. झालं! ज्यांनी जन्मभर बांधाला बांध कोरला ते गळ्यात गळं घालून फोटू काढायला लागले. बक्षिसात सभामंडप बांधायचा, त्याला कुणाच्या बापाचं नाव द्यायचं, यावरनं तेवढी जुंपली, पण ती भांडणं धरत न्हाईत.

आप्पांनी सगळ्या केशी मिटवत आणल्या. बांधाच्या मिटल्या, पाटपाण्याच्या मिटल्या, मारामाऱ्या मिटल्या. शेवटाला एकच उरली. ती माज्याच घरातली.

माजा थोरला ज्योतिबा. त्याला दिलेली स्वप्नाली म्हंजी माज्या सख्ख्या भावाची लेक. मीच मागून आणली. भाऊ-भावजय दोघं गेले, त्यामुळं पोरीला माहेर म्हटलं तरी मी आन् सासर म्हटलं तरी मी. चारचौघात मला 'आत्या, तुम्ही' म्हणायची, घरात 'आत्या, तू.' दोघं रानातल्या वस्तीवर ऱ्हायची, मी गावात. ज्योतिबा वाईट व्यसनाचा न्हाई. दारू न्हाई, पत्ता न्हाई. ट्रॅक्टरवर ऊस वाहतो, रविवारी बिरदेवाला गेल्याशिवाय भाकरी मोडत न्हाई. लोक म्हणायचे, आक्का, पोरगं सोनं हाय. मलाबी वाटायचं. आईला वाटायचंच.

तर उन्हाळ्यात एक दिवस स्वप्नाली वस्तीवरनं पायी आली. भर दुपारी, अनवाणी. डावा कान पदरानं दाबून धरलेला. पदर काढला तर कानातनं रगत. मोटर चालू करायला उशीर झाला आन् लाईट गेली, एवढंच कारण. म्या दुसरा विचार केला न्हाई. तिला वडापच्या जीपमधी घातली आन् पोलीस चौकीत नेऊन केस लिवली. माज्या पोटच्या पोरावर, व्हय. जमादार दोनदा म्हणला, मावशी, तुम्ही मुलीची आई का? म्या म्हणलं, आत्या हाय, सासू हाय आन् ज्यानं मारलं त्याची आई हाय, आता लिव.

त्या डाव्या कानानं तिला आजबी ऐकू येत न्हाई.

तीच ही केस. आप्पा रोज दारात. "आक्का, गावाचं काम अडलंय. समितीतल्या बाईच्या घरातच केस, आम्ही तोंड कसं दाखवायचं?"

"मंग नका दाखवू," म्या म्हणलं. "आरशात तरी कुठं लई बघण्यासारखं हाय!"

पण आप्पा माज्याकडं कशाला येतोय पुन्हा? ते वस्तीवर ज्योतिबाकडं गेले, आन् मी घरात नसताना माज्या दारात येऊन पोरीला गाठलं. स्वप्नालीला काय सांगितलं, काय न्हाई, पोरगी मला म्हणाली, "आत्या, मिटवू. किती दिस तुज्याकडं ऱ्हाऊ? मला माजं घर हाय ना." ज्योतिबा पाया पडला. म्हणला, आई, देवाजवळ भंडारा उचलतो.

आता हे सांगितलं पायजे. आमच्यात कोर्टातली शपथ म्हंजी काय न्हाई, तिथं माणूस खुशाल खोटं बोलून वडापाव खाऊन घरी येतो. पण बिरदेवाचा भंडारा एकदा तळहातावर घेऊन शब्द दिला की संपलं. तो शब्द मोडायची आमच्यात कुणाची छाती न्हाई. आमच्या घरात तर कुणी मोडलाच न्हाई कवा. म्हणून भंडारा म्हणल्यावर माजा जीव खरंच भांड्यात पडला.

रविवारी देवळात सगळी समिती. भिमाजी पुजाऱ्यानं ज्योतिबाच्या हातावर भंडारा ठिवला आन् शब्द सांगितले. ज्योतिबानं डोळे मिटून म्हणलं, "बिरदेवाच्या साक्षीनं सांगतो, बायकोवर हात उचलणार न्हाई."

मला वाटलं झालं. तर आप्पा म्हणत्यात, "आता सुनबाईनं बी उचलायचा."

"तिनं कशापायी?" मी वरडले. "तिनं कुणाचा कान फोडला?"

"तसं न्हाई, आक्का. दोघांनी उचलला म्हंजी बरोबरीचं हुतंय. उद्या हिनं पुन्हा केस केली तर?"

म्या तोंड उघडायच्या आत पोरीनं हात पुढं केला. भिमाजीनं सांगितलं तसं ती म्हणाली, "घरातली गोष्ट उंबऱ्याच्या भाईर न्हेणार न्हाई." लोकांनी येळकोट केला. पेढे वाटले. चौकीत जाऊन तिनं लिवून दिलं, माजी काय तक्रार न्हाई.

पावसाळा आला आन् गेला. स्वप्नाली बुधवारच्या बाजाराला भेटायची. पयलाच प्रश्न माजा, "हात लावतो का गं?" ती म्हणायची, "न्हाई आत्या, हात न्हाई लावला." भाजीची पिशवी उचलताना मातूर दम खायची. काय झालं म्हणलं तर म्हणायची, उसण भरलीय. वाळायला लागली व्हती. मी म्हणायची, लिंबू खा, गूळ खा. शेंगदाण्याचं लाडू करून दिलं. आन् समाधानानं घरी यायची.

दिवाळी झाल्यावर शिरूरला समितीतल्या बायांचं शिबिर लागलं. शिरूर आन् दौंड, दोन तालुक्यांतल्या बाया. चौफुल्यावरनं जीप भरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं गेलो. मंगल कार्यालय, पंखे, खुर्च्या, गुलाबाचं फूल. एका साहेबानं भिताडावर मशिनीनं चित्र पाडलं. एक रेघ वरनं खाली आलेली. "पाहा," म्हणाले, "तुमच्या भागातल्या मारहाणीच्या तक्रारी किती खाली आल्या. हे तुम्हा भगिनींचं यश आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. चांगला माणूस व्हता बिचारा, मनापासनं बोलत व्हता. त्याला कागदावर जे आलं ते त्यानं भिताडावर दावलं.

जेवणाला मसालेभात आन् बुंदी. आम्ही बाया मांडवात मागं घोळक्यानं बसलो. माज्या शेजारी सिंधूबाई, ती कवठ्याच्या बाजूची. पलीकडं जाईबाई, दौंडकडची, अंगणवाडीत असलेली, जयभीमवाल्यांच्यातली. बोलता बोलता म्या फुशारकी मारली. म्हणलं, आमच्यात भंडाऱ्यावर शपथ हुती, मोडायची टाप न्हाई कुणाची.

सिंधूबाई भात चिवडत म्हणाली, "आमच्यातबी घेतली की एकानं. नात्यातलाच हाय माज्या. 'घरात बायकोला मारणार न्हाई.'"

"मंग?"

"मंग काय! आता रानात न्हेतो. म्हणतो, चल, गवत काढायला."

आम्ही हसलो. खरं सांगते, फसकन हसू आलं. दुसरी एक म्हणाली, आमच्याकडच्यानं 'दारू पिऊन मारणार न्हाई' म्हणून उचलला, तर मुडदा आता शुद्धीत मारतो, आन् शुद्धीत त्याचा नेम चुकत न्हाई. आणीक एकीनं सांगितलं, त्यांच्या गावात 'बायकोला' म्हणलंय, म्हणून आता लेकीला. ह्यावर कुणी हसलं न्हाई.

मी जाईबाईकडं वळले. म्या म्हणलं, "तुमच्यात तर भंडारा न्हाई, बरं हाय."

"आमच्यात हातात हात दिला, आक्का," ती म्हणाली. "जयंतीच्या मिरवणुकीवरनं वरच्या आळीच्या पोरांनी माज्या पुतण्याला मारला. नारळावानी डोकं फुटलं. केस मोठी व्हती, मिटण्यातली नव्हती, तरीबी मिटवली. त्यांनी शब्द दिला, बुद्धविहाराच्या गल्लीत पाय टाकणार न्हाई. न्हाईच टाकत. एस. टी. स्टँडवर उभे ऱ्हात्यात. पोरगं कंपनीतनं सुटून येतं ती बस त्यांना ठावं हाय."

मांडवात एक एक बाई बोलायला लागली. शिरूरची, दौंडची, नदीच्या अल्याडची, पल्याडची. गावं निराळी, जाती निराळ्या, आन् गोष्ट तीच. जिथं शब्द संपतो तिथनं मार चालू. मार कुठं गेला नव्हता. त्यानं जागा बदलली व्हती फक्त. आन् आत साहेबाची रेघ खाली खाली चालली व्हती.

"तुमच्या ज्योतिबानं काय म्हणून उचलला?" सिंधूबाईनं इचारलं.

"हात उचलणार न्हाई," म्या म्हणलं. आन् तोच शब्द पुन्हा म्हणून बघितला. हात. 'हात न्हाई लावला, आत्या.' उसण भरलीय, आत्या. पुढ्यातला भात तसाच टाकून मी उठले. शिबिराचं सर्टिफिकेट घ्यायलाबी थांबले न्हाई.

चौफुल्यावर उतरले ती सरळ वस्ती गाठली. ऊन अजून व्हतं. स्वप्नाली अंगणात ज्वारी पाखडत बसली व्हती, एका अंगावर कलून. म्या तिथंच इचारलं, "खरं सांग, मारतो का?"

"न्हाई, हात न्हाई लावला," ती म्हणाली. नजर सुपात.

"आन् पाय?"

तिचं सूप थांबलं. इकडं तिकडं बघितलं तिनं, कुणी नव्हतं. उठली आन् माज्या मनगटाला धरून म्हणाली, "आत ये."

उंबरा वलांडून आत गेलो तवा तिनं पाठ केली आन् चोळीची गाठ सोडली. देवा रे. डाव्या कुशीपासनं कमरंपातूर काळं-निळं, त्याच्यावर पिवळं, त्याच्यावर पुन्हा निळं. बरगडीपाशी हात न्हेला तर पोरगी इव्हळली. ट्रॅक्टरवर घालायच्या बुटाची टाच व्हती ती.

"अगं सटवे, बाजारात दर बुधवारी इचारत व्हते मी! का न्हाई बोललीस?"

"भाईर कशी बोलू?" ती म्हणाली. "उंबऱ्याच्या भाईर न्हाई म्हणून उचललाय म्या. तू आत आलीसच न्हाई."

खरं व्हतं. बाजारात भेटायचं, अंगणात पाणी प्यायचं, कामाच्या घाईत परत फिरायचं. मला रडूबी आलं आन् तिला थोबडवावंसंबी वाटलं.

तेवढ्यात ज्योतिबा आला. मला बघून म्हणला, "आई, कवा आलीस? चहा टाकला का गं हिनं?" मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी ऱ्हायली. म्हणलं, "तू देवाजवळ काय बोललास?"

"पाळलंय की." तोंडावर काय लाजबीज न्हाई. उलट उपास पार पडलेल्या माणसाचं असतं तसं तोंड. "बिरदेवाला इचार. त्या दिवसापासनं हात उचलला न्हाई म्या. किती येळा राग आला, पण हात मागं बांधून ठिवला."

"आन् लाथा?"

"लाथंचं कुठं बोललो व्हतो?"

तुम्हाला वाटंल पोरगं लबाड. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला आपण लबाड हाय हे तरी ठावं असतं. ह्याला मनापासनं वाटत व्हतं की आपण देवाचा शब्द पाळला, कष्टानं पाळला. म्या त्याच्या कानाखाली जाळ काढला. पुन्हा काढला. म्या काय भंडारा उचलला नव्हता. तो गालावर हात धरून माज्याकडं बघतच ऱ्हायला, आन् स्वप्नाली मधी पडली. त्याला वाचवायला!

तिला घेऊन मी गावात आले. आप्पाकडं गेले. आप्पांनी सगळं ऐकलं, च् च् केलं आन् म्हणले, "एवढंच ना? मंग पायाचीबी घालू. हात-पाय दोन्ही. बक्षिसाच्या तपासणीची मंडळी येऊन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी देवळात जाऊ."

"आन् पट्ट्यानं मारलं तर? उसाच्या टिपरीनं? भुका मारलं तर? का एक एक नाव घेऊन त्याला शिकवायचं?"

"आक्का, तुम्ही फार ताणता."

चौकीत गेले. जमादार तोच. म्हणला, बाईंना बोलू द्या. स्वप्नाली टेबलापुढं उभी, नजर खाली, तोंडातनं शब्द न्हाई. म्या म्हणलं, बोल. न्हाई. चिमटा काढला. न्हाई. जमादार माज्याकडं बघून म्हणला, "मावशी, पोरावर राग दिसतोय तुमचा. वाटणीचं काय भांडण आहे का?" परत येताना सगळ्या वाटंनं तिला बोलले मी, नको नको ते बोलले. पोरगी एवढंच म्हणाली, "त्यानं त्याची पाळली ना. मी मोडली तर माज्या अंगावर येईल." ज्योतिबाच्या शपथेला एवढं मोठं भोक, आन् हिच्या शपथेला सुई जाईल एवढी जागा न्हाई! कुणी घातली व्हती अशी? बाप्यांनीच ना?

आठ-पंधरा दिवस ती माज्याकडं ऱ्हायली. ज्योतिबा न्यायला येऊन बसायचा, गरिबावानी. आळीतल्या बाया म्हणायच्या, आक्का, पोराचा संसार मोडतेस काय? मी त्यांना काय सांगू? पोरीला रातंदिस वाटायचं, आता जावं लागणार. आन् ह्या खेपेला गेली तर मेलेलीच दिसंल, हे मला पक्कं ठावं व्हतं.

तपासणीची मंडळी आली. दोन जीपा. रांगोळ्या, बॅनर, लेझीम. शाळेच्या पटांगणात सभा. त्यांच्यात एक फौजदार बाई व्हत्या, तरण्या, केस बारीक कापलेले. त्यांनी इचारलं, "महिलांपैकी कोणाला काही सांगायचंय?" सगळ्या बायांनी पदर सारखे केले. आप्पा माज्याकडं बघत व्हते, कपाळावर घाम. मी उठले. आप्पांचा चेहरा असा झाला, मला एवढ्या वंगाळ टायमालाबी हसू आलं.

"काय न्हाई," म्या म्हणलं. "बाईसाहेब, मी समितीची मेंबर. चहा माज्या घरी ठिवलाय. बायाबायांनी आत बसून घिऊ, एवढीच इनंती हाय."

आप्पांनी श्वास सोडला. म्हणाले, "व्हय व्हय, आक्काच्या हातचा चहा घ्याच!"

बाप्ये अंगणात खुर्च्यांवर बसले. ज्योतिबा पांढरी टोपी घालून पाण्याचे गलास फिरवत व्हता. फौजदार बाईंना मी हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं, आन् दार लोटलं. चूल पेटलेली, स्वप्नाली कपबशा पुसत व्हती.

म्या म्हणलं, "पोरी, उंबऱ्याच्या भाईर काय न्हेऊ नगंस. ही भाईरची बाई मीच आत आणलीया. आता दाव."

तिनं माज्याकडं बघितलं. उंबऱ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मंग कपबशी खाली ठिवली आन् पाठ केली. फौजदार बाई खाली वाकल्या, बघितलं, हळूच इचारलं, "कोणी?" आन् पोरगी त्या चुलीपुढं बोलायला लागली. मोटरीपासनं सुरू केलं तिनं. कान, बूट, उपाशी ठिवलेलं, सगळं. दुधाला उकळी येऊन ते चुलीत सांडलं तरी मी हलले न्हाई.

बाईंनी भाईर जाऊन शिपायाला हाक मारली. आप्पा धावले, "मॅडम, घरगुती आहे, मिटलेलं आहे, लेखी आहे आमच्याकडं." बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा." ज्योतिबाच्या दंडाला धरला तवा त्याच्या हातातलं ताट पडलं. तो मला शोधत व्हता. "आई!" म्हणाला. "आई, सांग ना ह्यांना! म्या पाळलीय! देवाशप्पत, म्या हात लावला न्हाई!" खोटं नव्हता बोलत. लहानपणी मास्तरानं उगाच मारला की अशाच आवाजात सांगत यायचा. माजं काळीज तुटलं. पण मी खाली वाकून त्याच्या हातनं पडलेले गलास गोळा करायला लागले.

फौजदार बाई दाराशी आल्या. "ताई, चला. दवाखान्यात तपासणी करावी लागेल. तिथं डॉक्टरांना सगळं सांगायचं, मग लेखी जबाब."

स्वप्नाली दारातपातूर आली आन् थांबली. पायाची बोटं उंबऱ्याच्या आत. अंगणात सगळं गाव. माज्याकडं वळून म्हणाली, "आत्या, तिथं भाईर बोलावं लागंल."

"लागंल," म्या म्हणलं. माज्याजवळची युक्ती संपली व्हती. दवाखाना काय मी घरात आणू शकत नव्हते. भिमाजी पुजारी गर्दीत उभा व्हता, त्यानं हात जोडून मान हलवली, नगं पोरी, नगं. बरगडी धरून तिनं एक पाय भाईर टाकला, मंग दुसरा. आन् सगळ्या गावाच्या पुढं मोठ्यानं म्हणाली, "मोडली."

दौंडला जाईपातूर ती जीपमधी एकटीच बोलत व्हती. दोन बरगड्यांना चीर निघाली. आता ती माज्याजवळच हाय, वरवंडला शिवणकाम शिकती. केस चालू हाय. ज्योतिबा जामिनावर सुटून आला, वस्तीवर एकटाच ऱ्हातो, माज्याशी बोलत न्हाई. रविवारी देवळाला जातो. आमच्या गावचं बक्षीस गेलं, बोर्ड आप्पांच्या गोठ्यात उताणा पडलाय. औंदा उसाला हुमणीची अळी लागली तर बाया माज्या दारावरनं जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलतात की भंडारा मोडलेली बाई गावात ठिवल्यावर आणीक काय व्हणार?

मी भांडते. एकेकीची झिंजी धरायला कमी करत न्हाई. पण भिमाजी पुजारी पारावर बसून शांतपणे सांगतो तवा मी तशीच घराची वाट धरते. तो म्हणतो, रंभाबाई, तळपट करायचं तर करा माजं, पण देवापुढं खरं बोला. नवऱ्यानं त्याचा शब्द पाळला. बायकोनं मोडला. आन् ते अक्षरन् अक्षर खरं हाय.